ओटी आधी, भाषण नंतर

महिला दिनाचं आमंत्रण द्यायला आलेल्या बाई दारातच म्हणाल्या, "मॅडम, कायद्याचं नको हं. आईच्या मायेनं दोन शब्द बोला." मी सिल्वासाच्या कोर्टात न्यायाधीश. माझ्या पुरुष सहकाऱ्याला कुणी बापाच्या मायेनं बोला म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. पण हसून हो म्हटलं. आमच्या पेशात खुर्चीबाहेर कमीच बोलायचं असतं, आणि बाईनं बोललंच तर गोड.

गावातल्याच आमली भागातल्या हॉलमध्ये स्टेजवर माझ्या शेजारी सत्काराची बाई बसली होती. नंदुरबारकडची, धाग्याच्या कारखान्यातली कामगार. कारखान्यातल्या तिच्या खात्याला आग लागली तेव्हा हिनं दोन पोरींना ओढून बाहेर काढलं होतं. पहिल्याच रांगेत तिची सासू बसलेली.

आधी ओट्या. आमंत्रणवाल्या बाईंनी माझी भरली. खण, नारळ, तांदूळ. आज आपलाच मान आहे या भरवशावर शेजारणीनंही पदर पुढे धरला. बाई तिला ओलांडून पुढच्या पाहुणीकडे सरकल्या आणि जाता जाता माझ्या कानात म्हणाल्या, "तिला नवरा नाही ना." ती पदर धरून तशीच बसली. सासूनं मान खाली घातली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

माइक हातात आला, तेव्हा लिहून आणलेलं भाषण मी पर्समधून काढलंच नाही.

"नवरा मलाही नाही," मी म्हणाले. "टिकली मला आवडते म्हणून लावते. मला कुणी विचारलं नाही, कारण मी जज्ज. हिची मात्र चौकशी आधीच करून ठेवलीत. आगीत त्या पोरींनी विचारलं होतं का हिला, नवरा आहे का म्हणून?"

मग ताट मागून घेतलं आणि तिची ओटी मीच भरली. "सासू बघतेय ना माझी?" तिनं हळूच विचारलं. बघत होती.

दुसऱ्या दिवशी वकिलांच्या खोलीत एकच चर्चा, मॅडम फार भावुक झाल्या. डोंबलाची भावुक! मी संतापले होते. हेच एखादे साहेब बोलले असते तर परखड ठरले असते.

यंदा त्याच बाई परत आल्या. "दोन शब्द बोलाच मॅडम. ओटीचं काय, ते आम्ही तुम्ही गेल्यावर उरकू."

म्हटलं, "उरका की. मी सतरंज्या उचलेपर्यंत बसणार आहे. आणि येताना तिला घेऊन येणार आहे."