आमच्या टोळक्याचा कंडक्टर

कॉलेजच्या आठवणी सांगा म्हटलं की लोक ग्रंथालय सांगतात, सर सांगतात, गॅदरिंग सांगतात. खोटारडे लेकाचे! चिखलीत शिकलेल्या माझ्या वयाच्या माणसाला खरं बोलायला लावा. त्याला आधी आठवेल तो कापूस मार्केटच्या मागचा बार. दारावर मोठ्या अक्षरांत 'फॅमिली रूम' लिहिलेलं, आत प्लायवूडचे खण, त्यांना मळके पडदे आणि कोपऱ्यात घरघरणारा कूलर. त्या फॅमिली रूममध्ये फॅमिली आलेली मी जन्मात पाहिली नाही. यायचे ते आमच्यासारखे पोट्टेच.

आम्ही चौघं बसस्टँडजवळ एका खोलीत राहायचो. सगळे खेड्यांवरचे. जेवणाचा डबा गावाकडून सकाळच्या एसटीनं यायचा, माझा अमडापूरहून. तो घ्यायला स्टँडवर जावं लागायचं, आणि कंडक्टर गाडीतूनच ओरडायचा, "कालचा रिकामा डबा आण बे आधी!" आमच्या प्राचार्यांना आम्ही भ्यालो नसू इतके त्या कंडक्टरला भ्यायचो. त्याच्यावरूनच आमच्या बारमधल्या रिवाजाला नाव पडलं.

रिवाज असा की शनिवारी बसायचं तेव्हा एकानं प्यायची नाही. त्यानं लिंबू सोडा घ्यायचा, चखण्याचे फुटाणे हवे तेवढे खायचे, खोलीच्या आणि सायकलींच्या किल्ल्या सांभाळायच्या. तो आमचा कंडक्टर. त्यानं चमच्यानं ग्लासवर दोनदा टिंग टिंग केलं की झाली डबल बेल. मग ग्लासात अमृत का उरलेलं असेना, ठेवून उठायचं. आधी पाळ्या ठरल्या होत्या. पण आमच्यातला एक रोहिणखेडकडचा, उंच, हडकुळा, त्याला दारूचा वासही सहन व्हायचा नाही. तो म्हणाला, "मीच होतो ना कायमचा कंडक्टर. तुम्ही मरा पिऊन."

आणि झाला की! तीन वर्षं त्यानं आम्हाला आईच्या वर सांभाळलं. नळाखाली डोकी धरली, ओकाऱ्या काढल्या. एकदा शनिवारी संध्याकाळी माझे वडील न सांगता गावाहून आले. मी खाटेवर आडवा. हा दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "काका, याले पित्त झालं. म्या आत्ताच गोळी देल्ली, बोलू नका त्याच्यासंग." वडील बिचारे माझे पाय दाबून परत गेले आणि पुढच्या डब्यातून मोरावळा आला. तो मोरावळाही ह्यानंच खाल्ला.

पुढं पांगापांग झाली. दोघं पुण्याला गेले आणि तिकडचेच झाले. आता फोनवरसुद्धा शुद्ध बोलतात, मेले. मी बँकेत लागलो, निवृत्त होऊन पुन्हा चिखलीत आलो. हा शाळेत मास्तर झाला, त्यानंही इथंच घर बांधलं. वाटलं, चला, म्हातारपणाला सोबत झाली.

तर एक दिवस वहिनी, म्हणजे त्याची बायको, घरी आली. उंबऱ्यातच रडायला लागली.

"भाऊजी, हे पिऊन राह्यले."

मी हसलो. खरंच हसलो. "कोण? हा? वहिनी, काहीही काय!"

पण खरं होतं. पन्नाशीनंतर कधीतरी लागली होती. बुलढाण्याच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, लिव्हर गेलंय, यापुढं थेंबही नको. आणि हा रोज दुपारी त्याच बारमध्ये जाऊन बसत होता. कुंपणानंच शेत खाल्लं, दुसरं काय. "तुमचं ऐकतीन ते," वहिनी म्हणाली. "तुम्ही वाचवा यांले."

गेलो. बार आता काचेच्या दाराचा झालाय, एसी आहे, भिंतीवर टीव्ही. हा कोपऱ्यात बसलेला. डोळे पिवळट, मनगटं काडीसारखी. मला पाहून केवढा खुलला!

"आला काय बे! बस, बस."

"काऊन पितो बे तू?" मी सरळ विचारलं. मला गोलगोल बोलता येत नाही.

"कारण पाहिजे काय त्याले?" तो म्हणाला. "तुम्ही कोणत्या दुःखानं पीत होते?"

समजावलं, शिव्या दिल्या, डॉक्टरचं भय घातलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मी लिंबू सोडा मागवला, चमचा उचलला आणि त्याच्या ग्लासवर वाजवला. टिंग टिंग.

तो बघतच राहिला. मग असा हसला, असा हसला की डोळ्यांतून पाणी आलं. आणि अर्धा भरलेला ग्लास तसाच ठेवून उठला. देवाशपथ उठला! मी त्याला धरून घरी नेलं. वाटेत मला वाटत होतं, जिंकलो.

मग मी रोजच जायला लागलो. दुपारी जेवून निघायचं, सोडा प्यायचा, जुन्या गोष्टी काढायच्या, थोड्या वेळानं डबल बेल. तो लेकरासारखा ऐकायचा. आमच्या सौ.लाही कौतुक. मीसुद्धा स्वतःवर खूश होतो, खोटं कशाला बोलू. म्हटलं, तीन वर्षं त्यानं सांभाळलं, आता आपली पाळी.

मागच्या महिन्यात वहिनीचा फोन आला. मला वाटलं, आभार मानायला केला असेल.

"भाऊजी, राग नका मानू," ती म्हणाली. "तुम्ही नका येत जाऊ आता."

"काऊन? काय झालं?"

"तुम्ही भेटता ना, त्या दिवशी हे लय खुशीत घरी येतात. मले समोर बसवतात. कॉलेजच्या गोष्टी सांगतात, हसतात, मंग रडतात. अन् त्या गोष्टी संपत नाहीत तोपर्यंत घरची बाटली काढून पेत राहतात. मंधात तुम्ही गावाले गेले होते ना? त्या दिवसांत थोडीशी पिऊन मुकाट्यानं झोपत होते."

तिच्या आवाजात रागही नव्हता. मला राग आला, पण कोणावर ते कळेना. माझ्याजवळ त्याला द्यायला त्या आठवणींशिवाय होतंच काय? आणि त्यांनीच तो मरत होता.

जाणं बंद केलं. दुपार झाली की पाय आपोआप चपला शोधतात. सौ. म्हणते, झोपा थोडं. झोप कुठली येते.

काल त्याचा फोन आला. आवाज पार बारीक झालाय.

"येत काऊन नाहीस बे?"

"गुडघा धरलाय," मी म्हणालो. "चालवत नाही."

"मंग सांगाले काय झालं होतं?" तो भडकला. "एकटाच घरात कण्हत बसला काय? उद्या सकाळी तयार राह्य. मी येतो, बुलढाण्याले दवाखान्यात नेतो तुले. एकटा नको जाऊ, तुले काही समजत नाही."