पोलक्यातला कापूस

डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत नळाला पाणी यायचं घटकाभर. म्हणून मजल्यावरच्या बायका टोकाच्या मोरीत, दारावर गोणपाट सोडून, तिघी-चौघी एकदमच अंघोळ उरकायच्या. अंगावर सूत नसायचं, तोंडं मात्र अखंड चालू. कोणाचं पोट सुटलंय, कोणाच्या मांडीवर भाजल्याचा डाग आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याचं कोणाला काही वाटत नसे. एकमेकींच्या पाठी घासून त्या पोळ्या लाटायला पळायच्या.

परळच्या इस्पितळात आईचा डावा स्तन काढला आणि तिने त्या मोरीकडे पाठ फिरवली. वडील गिरणीतून स्वच्छ कापूस मागून आणत, तो ती पोलक्यात भरायची. अंघोळ दुपारी, पुरुष कामावर आणि बायका लवंडलेल्या असताना, साठवलेल्या पाण्याने, लुगडं अंगावर ठेवूनच. वडिलांनाही तिने ती जागा कधी दाखवली नाही. मी तिची लेक, पण मला तिचा राग यायचा. जिवावरचं शेपटावर निभावलं होतं, मग देवापुढे नारळ फोडायचा की असं चोरासारखं राहायचं?

मग संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गोळीबार झाला, कर्फ्यू लागला. गिरण्या बंद, पुरुष दिवसभर गॅलरीत. आईची दुपार गेली. ती बिनअंघोळीची राहिली आणि घामट कापसाखाली व्रण चिघळला.

शेजारच्या मालवणी काकूने ते ओळखलं. सकाळी पाणी आल्यावर तिने आईला हाताला धरून मोरीत नेलं. मी गरम पाण्याची बादली घेऊन मागे. आई भिंतीला चिकटून उभी राहिली. काकूने आधी स्वतःचं लुगडं सोडलं.

"माझा पोट बघ कसा लोंबता," ती म्हणाली. "मी खंय लपवतंय? तू काय चोरी केलंस?"

आईने पोलकं काढलं. आत होत्या त्यांतल्या एकीने व्रण नीट पाहिला, खोबरेल लाव म्हणाली आणि साबण मागितला. काकूने तांब्या भरला.

"पाणी कडत लागता गे?"

आई हसली. इस्पितळातून आल्यापासून मी तिचं हसू ऐकलं नव्हतं. त्या संध्याकाळी डब्यातला उरलेला कोरा कापूस काढून तिने देवाच्या वाती वळल्या. पुढे ती रोज मोरीत जायची आणि सगळ्यांत मोठा आवाज तिचाच असायचा.

पण दुखणं काखेत परत आलं. महाराष्ट्र झालेला बघायला आई राहिली नाही.

सवाष्ण गेलेली, तिला न्हाऊ घालायला मोरीतल्याच बायका आल्या. गिरगावची आत्या म्हणाली, हिरव्या पोलक्यात कापूस भरा, लोक बघतील. घरात कापूस नव्हता. वाती कधीच जळून गेल्या होत्या.

"आसा तशीच जातली ती," काकू म्हणाली.

मी आईला पाठीमागून धरलं होतं. काकूने पाण्यात बोटं बुडवून पाहिली, तांब्या उचलला आणि सवयीने विचारलं,

"पाणी कडत लागता गे?"

मग तांब्या तसाच धरून ती थांबली. आम्ही सगळ्याच थांबलो.