उरलेले सोमवार

रोहणेवालीच्या हातात खायची कोणतीही गोष्ट आली की ती आधी तिचे दोन तुकडे करायची. भाकर असो, पेरू असो, बाजारातून आणलेली बालुशाही असो. आणि ते दोन तुकडे कधी सारखे होत नसत. एक मोठा, एक लहान. मोठा माझ्याकडे सरकवायची, लहान आपण खायची. लग्न झाल्यापासून हे असंच. मी कधी विचारलं नाही, तिनं कधी सांगितलं नाही. सातबाऱ्यावर आपलं नाव असतं तसा तो मोठा तुकडा माझाच, असं मी धरून चाललो होतो.

माहेर रोहण्याचं म्हणून तळेगावात सगळे तिला रोहणेवाली म्हणत. मीही तेच म्हणतो. आमच्या वेळी नवरा बायकोचं नाव घेई ते फक्त उखाण्यात, आणि तेवढं मी लग्नात घेऊन बसलो आहे. आता ती नाही. मी चौथी शिकलेला माणूस, अक्षर वाकडं आहे, पण तिच्याबद्दल लिहायचं तर दुसरं कोण लिहिणार? नात म्हणते, आबाजी, चांगलं चांगलं लिहा. चांगलं लिहीनच. पण खरं सांगायचं तर तिच्या शेवटच्या वर्षात मी त्या नातीवरच जळत होतो. अजून पुरता विझलो नाही.

नात म्हणजे गुड्डी, माझ्या मुलाची मुलगी. मुलगा आणि सून नागपुरात नोकरीला. पोरगी तिथं कॉलेजात होती. तिच्या तोंडावर मुरूम आले. मुरूम म्हणजे चार फुटकुळ्या नव्हेत. गालावर, हनुवटीवर, पाठीवर बोराएवढ्या लाल गाठी, आत पू. झोपताना उशी टेकली तरी दुखे. एक गाठ बसली की तिथं खड्डा राही आणि शेजारी दुसरी उठे. पोरीनं कॉलेज सोडलं, तोंडाला ओढणी बांधली आणि आठ दिवसांसाठी म्हणून आमच्याकडे आली.

त्या संध्याकाळी रोहणेवालीनं भाकरीचे तीन तुकडे केले. मोठा गुड्डीच्या ताटात गेला. मी माझ्या ताटात पाहिलं.

"अवो, हा माहा का?"

"मंग कोनाचा? लेकरू पाव्हनं हाये."

पाहुणं आठ दिवसांचं असतं. ही वर्षभर राहिली, आणि मोठा तुकडा जो गेला तो गेलाच.

गावात औषध सांगणारे कमी नाहीत. माझी भावजय कडुनिंबाचा लेप घेऊन आली, कोणी मुलतानी माती आणली, कोणी म्हणालं दात घासायची पेस्ट लाव. रोहणेवाली सगळ्यांना चहा पाजायची आणि लेप म्हशीच्या गोठ्याकडे फेकायची. जन्मभर वांगी, मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, पिकवणारी बाई. ती म्हणे, "मुळाले रोग असला त पानावर फवारून काय होते? हिले पोटातून औषध पायजे." एक दिवस आपलं ठेवणीतलं लुगडं नेसली आणि पोरीला घेऊन एसटीत बसली. आर्वी, वर्धा आणि तिथून सेवाग्रामचा मोठा दवाखाना. मी म्हटलं, मीही येतो. तर म्हणाली, "तुमी वावर पाहा." त्या वर्षात ती दर महिन्याला गेली आणि दर महिन्याला मला वावर पाहायला सांगून गेली. तिच्याबरोबर खिडकीशी बसून एवढ्या लांबच्या वाटेनं मी कधी गेलो नव्हतो. गुड्डी गेली.

कातडीची डॉक्टरीण तरुण होती. तिनं सांगितलं, लेप-मलमानं हे जाणार नाही, गोळी घ्यावी लागेल, बरेच महिने. गोळी कडक आहे. दर महिन्याला यायचं, रक्त तपासायचं, आपल्या मनानं कमी-जास्त करायची नाही. आणि गोळी चालू असताना दिवस राहिले तर पोटातल्या बाळात व्यंग येतं, म्हणून गोळी द्यायच्या आधी दर वेळी लघवी तपासायची.

"पोरगी कुवारी हाये बाई," रोहणेवाली म्हणाली.

"हो आजी, पण नियम आहे. सगळ्याच बायकांना करतो."

गुड्डी मान खाली घालून बसली. ओढणीतून फक्त कान दिसत होते, तेही लाल. तशी रोहणेवाली उठून उभी राहिली.

"मंग माही बी करा."

"आजी, तुम्हाला कशाला?"

"सगळ्या बायकाईले म्हनता ना? मी का मानूसगडी हाये?"

डॉक्टरीण हसली, नर्स हसली, आणि शेवटी ओढणीच्या आत पोरगीही हसली. कित्येक महिन्यांत ती हसली नव्हती. हे मला घरी येऊन गुड्डीनं सांगितलं. सांगताना दोघी परत हसायला लागल्या, एकमेकींच्या अंगावर पडून. मीही हसलो. पण जो तिथं नव्हता त्याचं हसणं उसनं असतं.

मग तूप सुरू झालं. गोळी रिकाम्या पोटी अंगी लागत नाही, दोन्ही वेळच्या जेवणावर घ्यायची आणि जेवणात तूप-तेल असू द्यायचं, असं डॉक्टरणीनं सांगितलं होतं. आमच्या घरी एक म्हैस. तूप निघे ते बरणीभर, आणि ती बरणी तोवर माझ्या खिचडीसाठी होती. आता गुड्डीच्या वरणभातावर धार पडायची आणि माझ्या खिचडीवर रोहणेवाली चमचा नुसता फिरवून न्यायची. मी बोललो.

"तिले डॉक्टरनं सांगतलं तूप," ती म्हणाली. "तुमाले कोनी सांगतलं?"

गोळीनं पोरीचे ओठ सुकले, भेगा पडून रक्त येऊ लागलं. रोहणेवाली तिचं तोंड मांडीवर घेऊन ओठांना व्हॅसलिन लावायची, हळूहळू, बोटाच्या टोकानं. याच बोटांनी ती हिवाळ्यात माझ्या टाचांच्या भेगांत मेण भरायची. त्या हिवाळ्यात मी टाचा पुढे करून बसलो. तिनं मेणाची वाटी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "तुमचा हात पुरते ना थ्या जागी." हात पुरत होता. पण हात पुरण्याची गोष्ट होती का ती? उन्हात त्या गोळीनं कातडी पोळते म्हणून पोरीनं वावरात यायचं ते संध्याकाळी, तेही माझा दुपट्टा डोक्यावर घेऊन. तोडणी आम्ही दोघं करायचो. तेवढा वेळ बायको माझी होती. पण त्याही वेळात तिचं बोलणं एकच. पोरीनं खाल्लं काय, पोरगी झोपली काय.

उपासाचं नंतर कळलं. गुड्डीनं तोंड साफ व्हावं म्हणून वर्षभराचे सोमवार धरले होते, आम्हाला न सांगता. दिवसभर नुसतं पाणी, संध्याकाळी उपास सोडायचा. सोमवारची सकाळची गोळी ती पाण्याबरोबर गिळायची. डॉक्टरणीनं तिच्या बोलण्यातून ते काढून घेतलं आणि ती रागावली. एक तर खाऊन घे, नाही तर मी लिहून देऊन काय उपयोग? पोरगी रडवेली. देवाला बोललेली गोष्ट कशी मोडायची? परत येताना एसटीतच रोहणेवालीनं निकाल लावला.

"देवाले उपास पायजे. थो कोनाच्या पोटातून आला थे काई देव पायत नाई. तुहे सोमवार माह्याकडे दे."

आमच्याकडे हे चालतं. आईचा गुरुवार लेक करते, सासूची चतुर्थी सून करते. पण आजीनं नातीचा उपास घ्यावा, नातीनं तूप खावं म्हणून आजीनं पाण्यावर राहावं, हे मी पहिल्यांदा पाहिलं. सोमवारी दुपारी भाकरीचे दोनच तुकडे व्हायचे. मोठा गुड्डीचा, लहान माझा. मी म्हटलं, "अवो, या वयात झेपन का?" ती म्हणाली, "तुमच्या पोटात काऊन दुखते? उपास मी करून राह्यली."

या सगळ्यात मला मिळालं ते एकच, आणि तेही मुरुमांच्याच कृपेनं. गोळी सुरू झाली की आधी मुरूम वाढू शकतात, हे डॉक्टरणीनं सांगून ठेवलं होतं. तसेच वाढले. एके सकाळी गुड्डीनं आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवलेला दिसला. रोहणेवालीनं तो खिळ्यावरून काढला आणि कोठीत तुरीच्या पोत्यामागे ठेवून दिला. मग कुंकू कसं लावणार? दुसऱ्या दिवशी अंघोळ करून ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"पाहा बरं अजी, मधात हाये का?"

इतकी वर्षं संसार केला, पण सकाळच्या उजेडात तिचं तोंड इतक्या जवळून पाहायचं काम मला कोणी दिलं नव्हतं. भुवयांच्या मधोमध एक बारीक व्रण होता, लहानपणी विळा लागल्याचा. तो मला तेव्हा दिसला. कुंकू बरोबर मधोमध असलं तरी मी म्हणायचो, थोडं डावीकडे घे. ती पुसायची आणि परत लावायची. मी तिला अशी उभी ठेवायचो. तिला कळत नसेल असं नाही.

मग गाठी बसू लागल्या. नवीन उठेनात. लाली उतरली, खड्डे राहिले पण गाल गालासारखे दिसू लागले. ओढणी सुटली. गुड्डी बाजारात आमच्याजवळ बसून मेथीच्या जुड्या विकू लागली. एक सोयरीकही चालून आली. रोहणेवालीनं सांगून टाकलं, गोळी चालू आहे तोवर लग्नाचं बोलू नका. सगळे म्हणाले, पोरगी सुधारली. आणि एके सकाळी आरसा परत खिळ्यावर आला. रोहणेवाली त्याच्यापुढे उभी राहिली, कुंकू लावलं आणि चुलीकडे गेली. माझ्याकडे वळली नाही. माणसानं आरशावर जळावं का? मी जळलो.

ती गेली पौषात, सकाळी, वावरात. मी पाटाचं पाणी वळवायला गेलो होतो. उन्हं चढली नव्हती म्हणून गुड्डी तिच्याजवळ होती. मेथी तोडता तोडता ती बांधावर टेकली, छातीवर हात ठेवला आणि पोरीला विचारलं, "गोळी घेतली का वो?" पोरगी हो म्हणाली. तेवढंच. मी धावत आलो तेव्हा तिचे डोळे उघडे होते, पण बोलणं संपलं होतं. एवढ्या वर्षांच्या संसारातला शेवटचा शब्द, तोही गोळीचा, तोही पोरीला.

डॉक्टरांनी हृदय सांगितलं. भावजय मात्र दारात बसून बायकांना म्हणाली, म्हातारीनं पोरीपायी उपास काढले, त्यानं गेली. गुड्डी आत होती. तिनं ऐकलं.

तेराव्यानंतर माझ्या लक्षात आलं की भिंतीतल्या दिवळीतली गोळ्यांची पट्टी जशी होती तशीच आहे. पोरगी वरणावर तूप घेत नव्हती. पहिला सोमवार आला आणि तिनं ताटच घेतलं नाही.

"जेव ना वो."

"आजीचे सोमवार राहिलेत आबाजी. मी करते."

"आन गोळी?"

"मला नको आता ती. माझ्यामुळेच गेली आजी."

शिकलेला माणूस असता तर त्यानं तिला समजावलं असतं. मला समजावता येत नाही. मला राग आला, आणि जो आला तोच बोललो.

"कोनाले इचारून करतं तू सोमवार?"

"माझ्यासाठीच होते ना ते."

"तुह्यासाठी असतीन. पन धरले तिनं, आन थे बायको माही होती." पोरगी माझ्याकडे पाहत राहिली. मी थांबलो नाही. "मोठी भाकर तू खाल्ली. तूप तू खाल्लं. बोट तुह्या ओठाले लागलं, माह्या टाचा तशाच राह्यल्या. आखरीचा शब्द बी तूच नेला. आता तिचे सोमवार बी तुलेच पायजे? मले काई ठेवतं का नाई?"

ती माझ्यासमोर येऊन बसली.

"आबाजी, तुम्ही माझ्यावर जळता?"

"जळतो. वर्षापासून जळून राह्यलो."

तिला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडू आलं. आजी गेल्यापासून ती मोकळी रडली नव्हती. मी उठलो, बरणी काढली आणि तिच्या भातावर तूप ओतलं. मला अंदाज नाही, जास्तच पडलं. "खा," म्हटलं. "सोमवार माहे. तुले त्यातला एक बी भेटनार नाई."

ती जेवली. मधे गोळी बंद पडली होती म्हणून मनानं सुरू करायची नाही, असं तीच म्हणाली. दुसऱ्या दिवशी आम्ही सेवाग्रामला गेलो. मी पहिल्यांदा. खिडकीशी गुड्डीनं मला बसवलं. डॉक्टरणीनं दाराकडे पाहून विचारलं, "आजी कुठे आहेत?" गुड्डी माझ्याकडे वळली, मग मीच सांगितलं. तिनं चष्मा काढून पुसला. मग पोरीला तपासलं, रक्त-लघवी तपासायला सांगितली आणि गोळी पुढे चालू करून दिली.

आता गोळ्या संपल्या. गुड्डी नागपूरला कॉलेजात परत गेली. गालावरचे खड्डे आहेत, पण ती त्यांच्यासकट फोटो काढून पाठवते. परवा फोनवर विचारत होती, "आबाजी, वर्ष तर होऊन गेलं. संपले असतील ना सोमवार?"

"नाई," म्हटलं. "अजून हायेत."

मोजलेले नाहीत. देवाची आणि माझी फारशी ओळख नाही, मागायचंही काही नाही. पण सोमवारी दुपारी जी भूक लागते ती तिला लागत असेल तशीच लागत असणार, आणि ती मी कोणाबरोबर वाटणार नाही. संध्याकाळी भाकर मोडतो. मोठा तुकडा माझ्याकडे घेतो, लहान समोर तिच्या रिकाम्या पाटापुढे सरकवतो. त्या तुकड्याचं मी गुड्डीला सांगितलेलं नाही.