नायक खांबावर चढतो

महाकाव्याचा नायक कुलीन हवा, असं परभणीच्या निवृत्त प्राध्यापकांनी मला चष्मा पुसत पुसत सांगितलं. माझा नायक पेडगावचा कंत्राटी वायरमन होता, आणि माझा सख्खा थोरला भाऊ. मांडीवर माझी वही घेऊन सर बसले होते. प्रस्तावना मागायला गेले होते मी.

"कुलीन म्हणजे किती पिढ्यांचं, सर? आमच्या दोन पिढ्या खांबावरच गेल्या."

सर हसले, पण लाल पेन काही खाली ठेवलं नाही. महाकाव्याची लक्षणं त्यांना तोंडपाठ होती. आठाहून जास्त सर्ग हवेत; माझे नऊ होते. एका सर्गाला एक वृत्त आणि शेवटच्या श्लोकाला बदल हवा. तोही केला होता. शाळेत मराठी शिकवते मी, वृत्तांच्या बाबतीत माझ्यापुढं कुणी शहाणपणा करू नये. मग त्यांनी विचारलं, समुद्राचं वर्णन कुठंय?

"परभणी जिल्ह्यात समुद्र कुठून आणू? सोनपेठला पुरात गोदावरी पसरते, पैलतीर दिसत नाही. ती घातलीय."

युद्ध म्हणून दादाचं आणि जळालेल्या डीपीचं युद्ध होतं. गव्हाच्या ओंब्या भरायच्या ऐन वेळेला ट्रान्सफॉर्मर गेलेला, दादानं दुसरा मानवतहून टेम्पोत घालून आणलेला, आणि अख्खा गाव दोर ओढतोय. ते वाचता वाचता सर म्हणाले, "लय भारी जमलंय," आणि घाईघाईनं समासात 'उत्तम' असं लिहिलं.

नवव्या सर्गापाशी मात्र पेन थांबलं.

"शेवटी नायकाचा उत्कर्ष व्हायला हवा. तुमचा मरतो. बरं, मरतो तोही स्वतःच्या चुकीनं. लाइन बंद न करता चढला होता ना? पेपरात वाचलं होतं मी. धीरोदात्त माणूस असा उतावीळ नसतो. शेवट बदला, प्रस्तावना लगेच देतो."

माझं डोकंच फिरलं. दादानं आधी उपकेंद्राला स्पीकरवर फोन लावला होता. "बंद केली, चढ तू," हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. जेवणाचा डबा घेऊन खांबाखाली मीच उभी होते. तरी चौकशीच्या कागदावर 'मयताची चूक' असं आलं. मला कुणी विचारलंच नाही. मी चार अर्ज केले, एकाचंही उत्तर नाही. म्हणून वृत्तात लिहायला बसले. अर्ज फायलीत पडून राहतो, श्लोक निदान पाठ तरी होतो. हे नऊ सर्ग म्हणजे माझी साक्ष होती, आणि सरांना ती गोड करून हवी होती.

"शेवट बदलणार नाही, सर. प्रस्तावना राहू द्या."

ते रागावले नाहीत. दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "निदान आरंभी खलनिंदा तरी घाला. दुर्जनांची निंदा करूनच सुरुवात करायची परंपरा आहे. मोघम असते ती, कुणाचं नाव घेत नाहीत."

एवढं एक लक्षण मला मनापासून पटलं. एसटीत बसल्या बसल्या वही उघडली. मोघम मात्र लिहिलं नाही. फोन कुणी घेतला, लाइन कुणी सोडली, कागदावर चूक कुणी लिहिली, सगळं हुद्द्यासकट वृत्तात बसवलं. बदनामी झाली म्हणून कोर्टात खेचायचं तर खुशाल खेचा. तिथं तरी माझी साक्ष घ्यावी लागेल.

घरी आई तूर निवडत होती. तिला वाचता येत नाही. आठ सर्ग तिनं माझ्याकडून कितीदा तरी ऐकलेत. नववा लागला की ती काहीतरी काम काढून उठून जायची. नव्या ओळी वाचून दाखवल्या, तशी तिनं सूप बाजूला सारलं.

"त्याची चूक न्हवती, आसं लिवलंस?"

"पहिल्याच पानावर."

तिनं पदरानं हात पुसले.

"मंग नववा वाच आता. बसते मी."