कुंपण समजून पाडलेली वलांडी

शेजारणीची बोंबील वाळवायची वलांडी मी कुंपण समजून पाडली. वाऱ्याने पडली नाही, ढोरांनी पाडली नाही. माणूस बोलावून, त्याला चहा पाजून, मी ती पाडून घेतली.

वलांडी म्हणजे बांबूंचे उभे खांब, त्यांना बांधलेले आडवे बांबू आणि मध्ये ओढलेल्या दोऱ्या. डहाणूच्या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही ती ओळखता येते. पण मी आले होते नाशिकहून, नवऱ्याच्या निवृत्तीनंतर वरोरला घर घेऊन, अंगात मालकीणपणा भरून. पाऊस नुकताच सरला होता. शेजारणीने दोऱ्या पावसाआधीच उतरवून घरात ठेवलेल्या, त्यामुळे वाळूत नुसते काळपट बांबू उभे. मला वाटलं, मोडकं कुंपण. शिवाय ओटीवरच्या खुर्चीतून समुद्र बघायला ते आडवं येत होतं ना!

आमचं स्वतःचं गंजकं तारेचं कुंपण आणि मागचा पडका संडास पाडायला तलासरीचा एक कंत्राटदार टेम्पो आणि माणसं घेऊन आला. तो डोंगराकडचा, भातशेतीवाला. समुद्राशी त्याचाही संबंध माझ्याइतकाच. बोली अशी की निघालेला माल त्याचा. दुपारपर्यंत दोन्ही कामं उरकली. मग त्याने विचारलं, "बाय, ते पलीकडचे बांबू पण काढायचे का? तुमचेच ना?"

"मग काय तुमचे?" ती शहाणी म्हणाली. ती म्हणजे मी. "अर्धवट काम मला चालत नाही."

बांबू टेम्पोत चढले, तलासरीला गेले. मी खुर्ची पुढे ओढून समुद्र बघत बसले, जणू तोही घराबरोबर खरेदीखतात आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण डोक्यावर बोंबलांची टोपली घेऊन आली. मागे तिच्या सुना, त्यांच्याही डोक्यावर टोपल्या. होडी नुकतीच लागली होती, आणि बोंबील कसला नाजूक मासा! वेळेत वाळत घातला नाही की त्याचं पाणी होतं. ती जागच्या जागी थबकली.

"माझी वलांडी कुठं गेली गो?"

तेव्हा मला कळलं. आणि कळल्या कळल्या तोंडातून निघालं, "तो मेला कंत्राटदार! मी नको नको म्हणत होते."

माझ्याच फोनवरून तिने त्याला झोडपलं. "तुझ्या बापाची होती काय रे? आता हे म्हावरं तुझ्या टकलावर वाळवू?" मी बाजूला उभी, कान फोनकडे. आता हा सांगणार, बाईनेच काढायला लावली. पलीकडून एवढंच आलं, "आणतो, बाय."

तोवर सुनांनी माझ्या खिडक्यांच्या गजांना, पपईच्या झाडांना दोऱ्या बांधल्या. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकायची, हे मी त्या दिवशी शिकले. बोटं सोलून निघाली. तरी एक टोपली सडलीच. शेजारणीने ती उचलून खताला नेली. तिने मलाही दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

कंत्राटदार उन्हं कलताना आला. खाली मान घालून तिचं बोलणं ऐकत त्याने एकेक बांबू पुन्हा रोवला. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी, अगदी सोज्वळ चेहऱ्याने.

ती आजही माझ्याकडे सुके बोंबील आणून देते, आणि विषय निघाला की त्यालाच शिव्या घालते. मी मान डोलावते. खोटं बोललात तर बघा म्हणून नातवंडांना दटावते, आणि तिच्यापुढे मान डोलावते.

त्या संध्याकाळी ती घरात गेल्यावर मी त्याला हळूच विचारलं, माझं नाव का नाही घेतलंत? हातावरची वाळू झटकत तो म्हणाला, "बाय, ती मला आज शिव्या घालणार न् मी तलासरीला निघून जाणार. तुम्हाला तर हिच्याच शेजारी जन्म काढायचाय."