मेमरीला उंची असते

बाहीच्या धड्यावर माझा जुना कॉम्प्युटर तिसऱ्यांदा तापून बंद पडला. तेव्हाच ठरवलं, आता नवा जोडायचा आणि आपल्या हातानं जोडायचा.

मी शिवण शिकवते. गोवंडीला एका बालवाडीच्या माळ्यावर आठवड्यातून दोनदा जायचे. मग गुडघ्यांनी त्या माळ्याच्या जिन्याला साफ नकार दिला. बायका म्हणाल्या, "बाई, फोनवर दाखवा ना." तेव्हापासून नाहूरच्या आमच्या घरात मी फोनवर शूटिंग करते आणि कॉम्प्युटरवर ते कापते, जोडते. कोणी शिकवलं नाही, चुकत चुकत आलं. तर त्या वेळी तिकडे अकरा ब्लाऊज बाह्यांवाचून लटकलेले. एकीनं तर धुतलेल्या कपड्यांची रास शिलाई मशीनवर ठेवायला सुरुवात केली होती. मशीनवर रास चढली की समजायचं, बाई क्लास सोडणार.

घाटकोपरच्या दुकानदाराला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, वॉटर कूलिंग घ्या. आतून पाणी फिरतं, एकदम ठंडा."

"आणि गळलं तर?"

"नाही गळत हो. पॅक असतं."

"कुकरची रिंग विकणारापण हेच सांगतो."

हसला बिचारा. मी प्रोसेसर थंड ठेवणारा साधा कूलर घेतला. पातळ पत्र्यांचा उभा ठोकळा आणि त्याच्या पुढ्यात पंखा. धूळ बसली तर ब्रशनं झाडता येते, पंखा गेला तर दुसरा बसवता येतो. आमची खोली वरच्या मजल्यावर, पश्चिमेची भिंत दुपारभर तापते. तिथे जे मला साफ करता येईल तेच कामाचं.

मेमरीचं म्हणाल तर मी ती कापायच्या टेबलासारखी समजते. कपाट वेगळं, ते सामान ठेवायला. टेबल लहान असलं की कापड सारखं घड्या घालून सरकवावं लागतं, आणि माझं व्हिडिओचं कापड लांबलचक. म्हणून मोठी घेतली, दोन पट्ट्यांची जोडी. त्यात त्यानं दाखवली लाइटवाली, डोक्यावर ॲल्युमिनियमचा तुरा. भुलले मी, खोटं कशाला बोलू! प्रोसेसरही त्यानंच निवडून दिला आणि म्हणाला, "जोडून देऊ का?"

"नको. उद्या बिघडलं तर मला उसवता आलं पाहिजे."

घरी जेवायच्या टेबलावर मांडामांड केली. यांच्या हातात बॅटरी दिली. प्रोसेसर बसला, मेमरी खटकन बसली, कूलरचा ठोकळाही बसला. शेवटी पंखा लावायला घेतला तर तो मेमरीच्या तुऱ्यावर जाऊन टेकला. वर सरकवला तर कॅबिनेटचं झाकण लागेना. बोटभर पंखा बाहेर!

हे म्हणाले, "तुझी ती टेप काय शोभेला गळ्यात होती?"

"अहो, मोजलं होतं मी!"

मोजलं होतं खरंच, दुकानात, सगळ्यांसमोर. कूलरची लांबी, रुंदी, शेजारची जागा. शिलाईसाठी जास्तीचं कापड सोडतो, त्याला आम्ही माया म्हणतो. तशी अर्धा इंच मायासुद्धा धरली होती चारी बाजूंनी. पण कापडाला उंची नसते हो. आयुष्य गेलं सपाट कापड मोजण्यात. पट्टी उभी राहते, तिला डोकं असतं, हे डोक्यातच आलं नाही.

"झाकण उघडंच ठेव की," हे म्हणाले. "हवा खेळेल."

"आणि पाल शिरली म्हणजे तुम्ही काढणार?"

"मग बदलून आण."

पाकीट फोडलेलं. दुकानदार परत घेईल न घेईल, घेतलं तरी बिनतुऱ्याची मागवावी लागेल, आठवडा जाईल. आठवड्यात त्या मशीनवरची रास छताला लागली असती. मी चहा टाकला आणि त्या ठोकळ्याकडे बघत बसले. म्हटलं, पुढे बटणपट्टी बसत नसेल तर आपण मागे हूक लावतोच ना? पंखा पुढून वारा ढकलतो. मागे लावला तर ओढून घेईल. वारा त्याच पत्र्यांमधून जाणार.

या वेळी तिन्ही बाजू मोजल्या. पंखा मागे लावला, चालू केला, शिवणाचा दोरा पुढ्यात धरला. दोरा माझ्याकडेच उडाला.

"उलटा लावलास," हे म्हणाले.

"दिसतंय मला. बॅटरी सरळ धरा तुम्ही."

बंद करून पंखा फिरवला. आता दोरा पत्र्यांकडे ओढला गेला. झाकण बसलं. जुन्यातलं सगळं नव्यात घालून बाहीचा धडा तयार करायला लावला आणि खुर्ची ओढून समोर बसले. मुंढ्याचा, म्हणजे बाही जिथे जोडतात तिथला, गोल कापते तिथेच जुना दर वेळी मान टाकायचा. नव्यानं तो पार केला, बाही जोडली, शेवटपर्यंत गेला. झाकणाला हात लावला, कोमट होतं, बस्स.

धडा दुपारी पाठवला. संध्याकाळी फोटो आला, त्याच रासवालीचा. मशीन मोकळं, वर दोन बाह्या कापून ठेवलेल्या. चष्मा लावून पाहिलं आणि लगेच फोन लावला.

"अगं, दोन्ही उजव्या हाताच्या कापल्यास की तू! कापड उरलंय का?"

"आहे बाई थोडं."

"मग घे कात्री. मी लाइनवर आहे."