बरं झालेलं जनावर

भानुमतीच्या हाताला खोट चालायची नाही, आणि सगळं नडलं ते त्यामुळेच.

म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यात तिच्या वडिलांचं, शामसुंदरांचं, कापडावर ठसे उठवायचं काम होतं. लाकडी ठसा जुना झाला की एखादी पाकळी झिजते, मग कापडावरचं प्रत्येक फूल लुळं उठतं. ती पाकळी कुंचल्यानं भरायची, हे घरातल्या पोरींचं काम. भानुमती सातव्या वर्षापासून भरत होती. "अर्धं फूल उंबऱ्याबाहेर जायचं नाही, बाळ," शामसुंदर म्हणायचे. "लोक ठशाला हसत नाहीत, आपल्याला हसतात."

गिरणीच्या छापील कापडानं तो धंदा बुडवला. भानुमतीचं लग्न झालं, दोन मुली झाल्या आणि नवरा छातीच्या दुखण्यानं खाटेला खिळला. मग एका कॉलेजच्या भूगर्भशास्त्र खात्यात, तिथल्या म्युझियममध्ये, तिला मदतनिसाची जागा मिळाली. तात्पुरती. दर जूनमध्ये नवी ऑर्डर यायची, नाही आली तर घरी बसायचं. दगडांवरची धूळ पुसायची, चिठ्ठ्या चिकटवायच्या, प्लास्टरचे नमुने साफ करून रंगवायचे. प्लास्टरच्या कामात तिच्याइतका हात कुणाचाच नव्हता.

तिथले प्रोफेसर महादेवराव जुन्या शिलेदार घराण्यातले. खात्यात घरचं मराठी बोलणारी माणसं दोनच, ते आणि ती. बाकीच्यांशी कन्नड, वर्गात इंग्रजी. "आमच्या घरी गंजकी तलवार, तुमच्या घरी झिजका ठसा," ते म्हणायचे, "दोघंही मोडीतलेच, भानुमती!" आणि तिच्या हातावर इतका विश्वास, की तिनं उघडलेली पेटी पुन्हा तपासायचे नाहीत.

अडुसष्ट साली ते कच्छला गेले. तिथल्या एका खाणीत, दगडाच्या सपाट थरावर, त्यांना पाच पावलं सापडली. दोन पायांवर चालणारं, तीन बोटांचं डायनोसॉर जातीचं जनावर कोट्यवधी वर्षांपूर्वी चिखलातून गेलं, चिखलाचा दगड झाला. महादेवरावांनी प्रत्येक पावलात प्लास्टर ओतलं आणि सुकल्यावर उचललं, की तळवा जसाच्या तसा हातात. तीन उजवे, दोन डावे. आणि दोन्ही डाव्यांचं मधलं बोट चार इंच कमी, अकराऐवजी सात! एकाच पावलात असतं तर चिखल सरकला म्हटलं असतं. दोन्हीत तेच, म्हणजे जनावराचं बोट तुटलेलं होतं आणि ते तसंच चालत राहिलं होतं. महादेवरावांच्या अंगात तेव्हाच हिवताप भरला होता. तरी मापं घेतली, वहीत लिहिली, आणि तिथूनच कलकत्त्याच्या विद्वानांच्या सभेला कळवून टाकलं, लंगडं जनावर सापडलं आहे. फोटोंचा रोल मात्र उजेड लागून वाया गेला. म्हैसूरला आले ते सरळ अंथरुणावर, महिनाभर.

पेट्या रेल्वेनं आल्या. घरून चिठ्ठी आली, 'साफ करून दगडाचा रंग द्या.' लंगडेपणाबद्दल चिठ्ठीत अक्षर नाही. तापात माणूस किती लिहिणार?

भानुमतीनं गोणपाट सोडलं. प्लास्टर टोकापर्यंत न पोचणं हा रोजचा दोष; सरांचा हात थरथरला असेल, तिनं ठरवून टाकलं. बोटाला अर्धी वाटी प्लास्टर कालवलं, उजव्या पायाकडे बघून दोन्ही बोटं पुरी केली, नख्यासुद्धा. वरून काव आणि काजळीचा रंग दिला. सांधा तिला स्वतःलाही दिसेना. त्या दिवशी ती गुणगुणत घरी गेली.

महिन्यानं महादेवराव आले. काठी टेकत टेबलापाशी गेले आणि उभेच राहिले.

"भानुमती, ही डावी पावलं... अशीच आली?"

"हौदु सर, अशीच."

"मधलं बोट आखूड नव्हतं?"

तिला सगळं कळलं ते त्या क्षणी. मागच्याच आठवड्यात एक स्फटिक फोडला म्हणून प्रयोगशाळेतल्या माणसाला काढलं होतं. जून तोंडावर होता.

"नाही सर. पेटीत होती तशीच आहेत."

एखादा चाकू घेऊन खरवडलं असतं, तर दोन मिनिटांत निकाल लागला असता. पण खरवडणं म्हणजे तिला खोटी म्हणणं, आणि तसं म्हणणारा तो माणूस नव्हता. त्यापेक्षा त्यांनी स्वतःला खोटं ठरवलं. "ताप होता मला तेव्हा," ते म्हणाले. "भलता ताप होता."

कलकत्त्याची माणसं थांबणारी नव्हती. नमुने घेऊन या, म्हणाले. महादेवराव पाचही पावलं घेऊन गेले. न नेऊन सांगणार काय? भरल्या सभेत एकजण उठला. "प्रोफेसरसाहेब, तुमचं जनावर बरं झालेलं दिसतं! रेल्वेच्या डॉक्टरनं बोट बसवलं काय?" सभा पोट धरून हसली. आणि त्या थट्टेत सत्य किती होतं, हे ठाऊक असलेली एकटी बाई म्हैसुरात नमुन्यांवरची धूळ पुसत होती.

त्यांनी पुन्हा कच्छ गाठलं. थर उचलला गेला होता, लाद्या फरशीसाठी विकल्या गेल्या होत्या. परत येऊन त्यांनी सभेला चार ओळी लिहिल्या, 'माझी चूक झाली.' त्यानंतर ते कधी फील्डवर गेले नाहीत. निवृत्त होईपर्यंत प्रत्येक नव्या वर्गाला सांगायचे, "अंगात ताप असताना मापं घेऊ नयेत. मी घेतली होती." मुलं हसायची. ट्रेमधले दगड गोळा करायला भानुमती मागं उभी असायची.

अशी अठ्ठावीस वर्षं गेली. ती कायम झाली, नवरा गेला, मुली नांदायला गेल्या, तीही घरी बसली. शहाण्णव साली खातं नव्या इमारतीत गेलं आणि जुने नमुने मागच्या अंगणात ढिगानं टाकले. ती बघायला गेली, तर एक डावं पाऊल तिला तिथं दिसलं. पडताना मधल्या बोटाला चीर गेली होती, तिच्या सांध्यावरच. तिनं ते पोत्यात गुंडाळलं आणि रिक्षात घातलं. तिला धैर्य आलं असं कुणी समजू नये. जाण्यासारखी नोकरी उरली नव्हती, इतकंच.

महादेवराव म्हैसुरातच, विजयनगर भागात, मुलाकडे राहत होते. बायको, गिरिजाबाई, दोन वर्षांपूर्वी वारली होती. व्हरांड्यात ते एकटेच होते.

"या या, भानुमती! कॉफी सांगतो."

"कॉफी नको सर. सुम्ने बसा, मध्ये बोलू नका, नाहीतर माझ्यानं होणार नाही."

तिनं पाऊल स्टुलावर ठेवलं, पिशवीतून पटाशी काढली आणि चिरेवर हलकेच दोन ठोके दिले. तिनं जोडलेलं बोट अखंड सुटून तिच्या ओंजळीत पडलं. खाली जुन्या प्लास्टरचं गोल, बुजलेलं टोक होतं. जखम भरल्यावर जसं होतं तसं.

"मी लावलं होतं," ती म्हणाली. "दोन्हींना. मला वाटलं प्लास्टर पोचलं नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोलले. पोटासाठी बोलले."

महादेवराव आत गेले. बराच वेळ कपाट उघडल्याचा, काही पडल्याचा आवाज येत राहिला. जुनी वही आणि मोजपट्टी घेऊन आले. मोजलं. वहीत पाहिलं. पुन्हा मोजलं.

"सात इंच," ते म्हणाले. "मी सातच लिहिलंय."

"हो सर."

"गिरिजा म्हणायची, तुम्हांला दिसलं ते दिसलं, तापबीप काही नाही. दर वेळी मी तिच्या अंगावर ओरडायचो. तुला काय कळतं म्हणायचो." त्यांचा हात त्या आखूड टोकावर होता. "शेवटी शेवटी तिनं म्हणणं सोडलं."

भानुमती पाया पडायला वाकली. त्यांनी पाय मागे घेतले.

"कलकत्त्याला मी लिहिते सर. माझ्या सहीनं."

"कुणाला लिहिता? हसणारे सगळे मेले." ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "ते बोट घेऊन जा. ते तुमचं आहे."

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा गेली. सुनेनं फाटकातूनच सांगितलं, "मामंजी झोपलेत." व्हरांडा तिथून सरळ दिसत होता. महादेवराव फाटकाकडे पाठ करून बसले होते, समोर स्टूल होतं, स्टुलावर पाऊल. भानुमतीनं फाटकाची कडी होती तशी लावली आणि बसस्टॉपकडे चालू लागली.